नदीचा अंदाज आणि आपला उंबरा

(शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



पुराचा अंदाज म्हणजे इंजिनियरांचा विषय, असं म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. पण पाणी चढू लागलं की धान्य माळ्यावर टाकणं, म्हाताऱ्यांना हलवणं, गुरांची दावी सोडणं आपल्याच वाट्याला येतं. म्हणून हा विषय आपलाही आहे.

अंदाज बांधतात कसा? नदीच्या पाणलोटाचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाफ झाली आणि उरलेलं पाणी ओढ्यांतून नदीला किती वेळात मिळेल, याचं गणित संगणक मांडतो. या गणितालाच मॉडेल म्हणतात. त्यात गूढ काही नाही. कोरडी जमीन पाणी पिते, चिंब जमीन ते वाहू देते, हे शेतात राबणाऱ्या बाईला ठाऊकच आहे.

केंद्रीय जल आयोग असे अंदाज नकाशावर देतो. ठिकाणावर बोट ठेवलं की पातळी दिसते. पण कृष्णेवर धरणांचे दरवाजे माणसांच्या निर्णयाने उघडतात. तो निर्णय गणितात वेळेवर धरला नाही, तर चांगलं मॉडेलही चुकतं.

सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून बायका-मुलं बुडाली. ‘पुलाला ५० फूट’ म्हणजे माझ्या गल्लीत गुडघाभर की छातीभर, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. ते आपणच लिहायचं आहे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा भिंतींवर शोधा. पाणी देवळाच्या पायरीला, शाळेला, विहिरीला लागलं तेव्हा पुलाची पातळी किती होती, ते बायकांना विचारून, नोंदींशी ताडून गावाच्या नकाशावर मांडा. मग आकडा ऐकताच कुणी आधी निघायचं ते ठरेल.

आणि ग्रामसभेत मागणी करा : दरवाजे उघडण्याआधी, मराठीत, भोंग्यावरून सूचना हवी, कारण घरातला फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. गावाच्या आपत्ती समितीत बायका हव्यात.

अंदाज शासनाचा असेल, पण तो वेळेवर उंबऱ्यापर्यंत पोचणं हा आपला हक्क आहे.