पोतं अजून उचललेलं नाही

(कल्याण पूर्वेला तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



मी गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. शिक्षण दहावी. कविता करतो म्हणून तुम्ही मला बोलायला उभं केलंत. विषय विचारलात तेव्हा मी सांगितलं, अपंग पोरांच्या शाळेवर बोलतो. तर एक दोस्त म्हणाला, "अरे, आरक्षणावर बोल, कंत्राटीकरणावर बोल. हा तर दानधर्मवाल्यांचा विषय." मी म्हटलं, तेवढ्यासाठीच बोलतो. हा हक्काचा प्रश्न होता आणि आपण तो दानधर्मवाल्यांच्या ताब्यात देऊन मोकळे झालो.

साताऱ्यापासून सुरुवात करतो. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. सरकार आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतं, फोटोला हार घालतं. पण साताऱ्यात त्या पोराला बसायला जागा कुठली होती? वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या पोत्यावर. संध्याकाळी ते पोतं काखेत मारून घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नव्हता. शिपायानं नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर तहान गिळायची. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आता नीट बघा. शाळेनं त्यांना प्रवेश नाकारला नव्हता. हजेरीपटावर नाव होतं. मास्तर हजेरी घेत होता. कुणी इन्स्पेक्टर आला असता तर म्हणाला असता, वा, इथं सगळ्या जातींची पोरं शिकतात! तरी तो पोरगा बाहेरच होता. मला आज सांगायचंय ते एवढंच. प्रवेश देणं वेगळं आणि आत घेणं वेगळं. या दोहोंच्या मध्ये एक पोतं असतं.

हे पोतं जुनं आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारनं नाकारला. १८५८ ला विलायतेहून कंपनीच्या वरिष्ठांनी सांगितलं, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या. कागदावर दार उघडलं. पुढं १८८२ च्या हंटर कमिशननं काय सुचवलं? जिथं पुरेशी मुलं असतील तिथं खालच्या जातींसाठी खास शाळा काढा. म्हणजे दोस्तांनो, 'स्पेशल स्कूल' हा शब्द आपल्याला नवा नाही. आपण स्वतः एके काळी स्पेशल स्कूलची पोरं होतो. आणि १९१९ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी काय केलं? संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सांगितलं, ही पोरं सगळ्यांच्या शाळेत बसतील. शंभर वर्षं उलटून गेली. तो हुकूम अजून पुरा व्हायचाय.

आणखी एक नातं सांगतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं, त्यात फक्त आपल्याविरुद्धच लिहिलंय असं समजू नका. त्या मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात म्हटलंय की आंधळे, मुके, बहिरे हे आधीच्या पापामुळं तसे जन्मतात. नवव्या अध्यायात त्यांचा वारसाहक्क काढून घेतलाय. तुझी जात तुझं पूर्वकर्म, तुझं लुळं अंग तुझं पूर्वकर्म. एकाच टांकसाळीतली ही दोन नाणी. एक नाणं आपण महाडला आगीत टाकलं. दुसरं अजून आपल्या घराघरात चालतं. पोर अधू जन्मलं की आपलीच आजी म्हणते, मागल्या जन्माचं काहीतरी असंल.

मागच्या जन्माचं काही नसतं. बाईला पोटभर खायला नसतं, बाळंतपणाला वेळेवर डॉक्टर नसतो, कान फुटला तर औषधाला पैसे नसतात. २०११ च्या जनगणनेत अपंगांचं प्रमाण सगळ्या लोकसंख्येत २.२१ टक्के होतं. अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के. हा फरक देवानं नाही केला. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले. देशातल्या ५ ते १९ वयाच्या अपंग पोरांपैकी सुमारे २७ टक्के पोरं कधी शाळेतच गेली नव्हती. म्हणून म्हणतो, हा आपल्या वस्तीचा प्रश्न आहे.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझी धाकटी बहीण. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. डॉक्टरांनी पुढं सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. हातपाय तिचं ऐकत नाहीत, जीभ ऐकत नाही. डोकं ऐकतं. पहिलीत तिला जवळच्या शाळेत घातलं. रात्रपाळी करून आलो की मी तिला पाठुंगळी मारून पोचवायचो. दुसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, रॅम्प नाही, तिला बसता येईल असा संडास नाही. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. चहा पाजून म्हणाला, "इथं हिच्यासाठी बाई नाहीत. हिचे हाल होतील. हिला स्पेशलला न्या." स्पेशलची शाळा ठाण्याच्या बाजूला. आई डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करते. सकाळच्या आठच्या गर्दीत, कल्याणवरून भरून सुटलेल्या लोकलमध्ये, सात वर्षांची पोर कडेवर घेऊन रोज जायचं? अपंगांचा डबा आहे, पण त्यात धडधाकट माणसंच दारापर्यंत कोंबलेली असतात. आई दोन महिने गेली. मग दोन घरची कामं सुटली. मग ठाणं सुटलं.

मग शाळेनं एक कागद आणला. 'घरी राहून शिक्षण'. आईनं सही केली. एक बाई आल्या, चांगल्या होत्या, चित्रांची कार्डं आणली. चार-सहा वेळा आल्या. त्यांच्याकडं म्हणे कितीतरी शाळा होत्या. नंतर कुणी आलं नाही. आज माझी बहीण कागदावर सातवीत आहे. घरात ती उंबऱ्याजवळ बसलेली आहे, गोणपाटावर. हो, गोणपाटावरच. मी गोदीतून आणलेलं. हे ज्या दिवशी माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून दिली. ती मुठीनं दाखवते. वर्षभर लागलं. तिनं जुळवलेल्या पहिल्या शब्दांत एक होता, 'भायेर'. बाहेर. तिला बाहेर जायचं होतं. मास्तर असता तर शुद्धलेखन तपासलं असतं. मी तपासलं नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण कायदा आपल्या बाजूला आहे आणि आपल्याला तो ठाऊक नाही. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू. २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग मुलं त्यात स्पष्टपणे आली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्याच्या १६ व्या कलमात, सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी करायची, मुलाला लागेल ती मदत द्यायची. ३१ वं कलम सांगतं, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीनं. निवड त्याची! हेडमास्तरची नव्हे. घरी शिकणं हासुद्धा तीव्र अपंगत्वाच्या मुलाला दिलेला एक पर्याय आहे. आमच्याकडं तो पर्याय नव्हता. दार दाखवण्याची ती सभ्य रीत होती.

आणि 'हिच्यासाठी बाई नाहीत' हे उत्तर? २०२१ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, प्राथमिकला दर १० अपंग मुलांमागं एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना दर १५ मागं एक. मार्च २०२५ मध्ये कोर्टाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं, आधी पदं मंजूर तरी करा. म्हणजे बाई नाहीत हे नशीब नव्हे. बाई नेमलेल्या नाहीत.

आता विशेष शाळांबद्दल. त्यांना शिव्या देऊ नका. ठाणे महापालिका 'जिद्द' नावाची शाळा चालवते. डोंबिवलीत, कल्याणात, कुठं आईबापांनी, कुठं संस्थांनी अशा शाळा उभ्या केल्या, त्या इतर शाळांनी दारं लावली तेव्हा. तिथल्या बायांचं कसब मोठं आहे. बहिऱ्या पोराचंही वेगळं आहे. त्याला खुणांची भाषा लागते, ती भाषा बोलणारे सवंगडी लागतात. चाळीस बोलणाऱ्या पोरांत त्याला एकटं बसवलं आणि शिक्षक फळ्याकडं तोंड करून बोलत राहिला, तर ते आत घेणं नव्हे, तेही पोतंच. माझं म्हणणं असं की ते कसब, ती खुणांची भाषा, ती ब्रेल, हे सगळं जवळच्या शाळेत आलं पाहिजे. विशेष शाळा ही निवड असावी, हद्दपारी नसावी.

गोदीत क्रेन आल्या, तरी गोदामात कधी कधी दोघांनी बांबूवरून ओझं न्यावं लागतं. एक उंच, एक बुटका. ओझं बुटक्याकडं घसरतं. मुकादम बुटक्याला घरी पाठवत नाही. दोरीची गाठ उंचाकडं सरकवतो, दोघं पाय जुळवतात, ओझं जातं. अडाणी मुकादमाला कळतं ते शिक्षणखात्याला कळत नाही. शाळा पोराला म्हणते, तू जिन्याएवढा हो. जिना पोराएवढा करायचं कुणाच्या मनात येत नाही.

शब्दांबद्दल दोन शब्द, कारण तो माझा दुसरा धंदा आहे. आपल्याला एकदा 'हरिजन' म्हटलं. देवाची माणसं! पाणवठा दिला नाही, नाव दिलं. आपण ते नाव तोंडावर परत फेकलं. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवलं, अपंगांना 'दिव्यांग' म्हणा. देवाचं अंग! अनेक अपंग कार्यकर्त्यांनी तेव्हाच सांगितलं, आम्हाला देवत्व नको, रॅम्प द्या. ती भाषा मला लगेच कळली. आपलीच भाषा होती ती.

पण आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. माझी वही काढून बघा. आंधळा न्याय, बहिरं सरकार, पांगळा समाज, मुकी जनता. एकेका पानावर तीन-तीन. ज्या भाषेत माझी जात शिवी होती त्या भाषेविरुद्ध मी लिहायला लागलो आणि बहिणीचं शरीर शिवी म्हणून वापरलं. सरकार बहिरं नाही हो. त्याला सगळं ऐकू येतं. ते ऐकून सोडून देतं. बहिरा माणूस तसं करत नाही. आणि १४ एप्रिलला मिरवणूक दारावरून जायची तेव्हा पाहुणे आलेत म्हणून आम्ही तिला आतल्या बाजूला सरकवायचो. मीच सरकवायचो. निळा झेंडा खांद्यावर घेऊन.

म्हणून कामं सांगतो, टाळ्या नंतर. एक, वालधुनी, कोळसेवाडी, कचोरे, कळवा, मुंब्रा, आपापल्या वस्तीत घरोघर जा. किती पोरं घरात आहेत आणि किती कागदावर शाळेत आहेत, वहीत लिहा. दोन, शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असावे लागतात, आणि सगळ्या समितीत निम्म्या बाया. त्या समितीत अशा पोराची आई बसली पाहिजे. तीन, माहितीच्या अधिकारात विचारा, कोणत्या शाळेत किती अपंग मुलं, किती विशेष शिक्षक, किती रॅम्प. चार, वरच्या मजल्याचा वर्ग तळमजल्यावर आणायला पैसा लागत नाही, तो या जूनला आणायला लावा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्ताकडं अर्ज करा, आणि अर्जाच्या मागं माणसं उभी करा. पाच, पोरांना पोचवायला आपल्या टोळ्या करा. मिरवणुकीत ट्रक ओढतो आपण, एक पोर उचलणं जड नाही.

यंदा १४ एप्रिलला माझी बहीण मिरवणुकीत पुढं होती, ढकलगाडीवर. तिला आवाज सोसत नाही म्हणून पोरांनी तिच्याजवळ बेंजो वाजवला नाही. गाठ सरकवली फक्त. जूनमध्ये आम्ही तिला घेऊन त्याच शाळेच्या दारात उभे राहणार आहोत. सोबत कायद्याचा कागद असेल. गोणपाट घरी ठेवून येणार आहोत. तुम्ही या.

जयभीम.