वडीलधाऱ्यांच्या ताटातले जस्त

श्रोतेहो, “सूनबाई, आमटीला आज चवच नाही ग!” असे घरातले म्हातारे माणूस म्हणाले, की आपण काय करतो? “मीठ तर बरोबर आहे,” म्हणून सोडून देतो. पण चव जाणे, भूक मंदावणे, जखम लवकर न भरणे, वरचेवर आजारी पडणे, यांमागे कधीकधी शरीरातील जस्ताची उणीव असते.

जस्त म्हणजे झिंक. जमिनीत ते कमी पडले की पीक खुरटते, हे शेतकरी बंधूंना ठाऊकच आहे. माणसाचेही तसेच होते, हे मात्र उशिरा कळले. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणात शिराझला गेले. तिथे वाढ खुंटलेले तरुण त्यांनी पाहिले. त्यांचे खाणे मुख्यतः बिनआंबवलेल्या गव्हाच्या रोटीचे. धान्यात जस्त असते. पण कोंड्यातील फायटेट ते धरून ठेवते, अंगी लागू देत नाही.

आता आपल्या आजोबांचे ताट पाहा. दात नाहीत, म्हणून उसळ नको. मग उरते काय? चहा आणि भाकरीचा कुस्करा! शरीर जस्ताचा साठा करत नाही. ते रोजच्या रोज पोटात जावे लागते.

उपाय घरातच आहे. मटकी भिजवून, मोड आणून मऊ शिजवा. पीठ आंबवून आंबील करा. भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने फायटेट कमी होते. तिळाचे, शेंगदाण्याचे कूट, दूध-दही द्या. चालत असेल त्यांना अंडे, मासे, मटणही द्या.

आणि गोळ्या? त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. चव जाण्याला मधुमेह, दातांचे दुखणे, चालू औषधे अशी इतरही कारणे असतात. शिवाय जस्त फार दिवस जादा घेतले, तर शरीरातील तांबे घटते. रक्त कमी होते, हातपाय बधिर होतात. आणि शेतात टाकायचे झिंक सल्फेट चुकूनही पोटात घेऊ नका!

शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे काम मुलांना सांगा: आजी-आजोबा आज काय जेवले, ते पाहून या. मंडळी, “चव लागत नाही” हे म्हातारपणाचे खूळ समजू नका. ते एकदा नीट ऐकून घ्या.