साखरेतला बदाम आणि मजुराच्या ताटाचा हिशेब



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना हसू आले असेल. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने साखरेचे कवच चढवलेल्या बदामावर बोलावे, हे थोडे चमत्कारिक दिसते खरे. आम्ही आहारशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पण पगाराच्या वाटाघाटीत ज्याला मजुराच्या ताटाचा हिशेब मांडावा लागतो, त्याला उष्मांक आणि प्रथिने या दोन शब्दांशी ओळख करून घ्यावीच लागते. या दोहोंतला फरक समजावून सांगायला साखरेतल्या बदामाइतका सोयीचा पदार्थ नाही, म्हणून तो आज हाती घेतला आहे.

हा पदार्थ आपल्याला अगदीच परका नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा आपण सर्वांनी पाहिला आहे. मंद आचेवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, वर चमच्या-चमच्याने सोडलेला पाक आणि सतत फिरणारी बोटे. साखरफुटाणाही त्याच कुळातला. तिळाच्या जागी बदाम घाला, परातीच्या जागी फिरते भांडे ठेवा, पाकाचे थरावर थर चढवून वाळवा, की झाला साखरबदाम. इटलीतले सुल्मोना हे गाव या मिठाईसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तिकडे लग्नात पाहुण्यांना असे पाच बदाम देतात. आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य या पाच शुभेच्छांची ती खूण. आमचे भांडण या रिवाजाशी नाही. सणावारी पाच बदाम तोंडात टाकल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण हाच पदार्थ ‘बदाम’ या नावाच्या पुण्याईवर पौष्टिक म्हणून पुढे केला जातो, तेव्हा हिशेब मागणे आपले कर्तव्य ठरते.

तर हिशेब पाहू. नुसत्या बदामाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ५८० उष्मांक असतात, प्रथिने २१ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ५० ग्रॅम आणि चोथा १२ ग्रॅम. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी सुमारे २७० मिलिग्रॅम, शिवाय जीवनसत्त्व ‘ई’ सुमारे २५ मिलिग्रॅम. आता १०० ग्रॅम साखर घ्या. उष्मांक ४००. प्रथिने नाहीत, चोथा नाही, जीवनसत्त्वे नाहीत.

साखरबदामात कवच किती जाड, यावर सारे अवलंबून. एक भाग बदाम आणि दोन भाग साखर असे प्रमाण धरू. मग १०० ग्रॅम साखरबदामात बदाम निघतो ३३ ग्रॅम. उष्मांक होतात सुमारे ४६०, प्रथिने मात्र अवघी ७ ग्रॅम, कॅल्शियम ९० मिलिग्रॅम आणि साखर ६७ ग्रॅम. मौज अशी की, साखर चढवल्याने उष्मांक वाढले नाहीत, उलट वजनागणिक कमी झाले, कारण बदामातल्या तेलाचे उष्मांक साखरेहून अधिक. तथापि उष्मांक उतरले फक्त पाचव्या हिश्श्याने, आणि प्रथिने उतरली थेट तिसऱ्या हिश्श्यावर! जो केवळ उष्मांक मोजतो, त्याला या पदार्थात फारसे काही हरवलेले दिसतच नाही. आमच्या सबंध व्याख्यानाचे मर्म इथे आहे.

पाच दाण्यांचा हिशेबही सांगून ठेवतो. एक बदाम सरासरी सव्वा ग्रॅमचा. पाच दाण्यांत बदाम सहा ग्रॅम, प्रथिने सव्वा ग्रॅम आणि साखर बारा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन छोटे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेचे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत, पाच टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. २००० उष्मांक घेणाऱ्याला हे पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. दहा दाण्यांत ती मर्यादा संपत आली, आणि चहा अजून प्यायचाच आहे! दात किडतात ते वेगळेच. आणि लहानग्यांच्या हाती अख्खा बदाम, साखरेचा असो वा साधा, देऊच नये. तो घशात अडकून जीवावर बेतते.

आता मजुराकडे येऊ. १९५७ च्या जुलैमध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे सूत्र ठरवले. कुटुंब तीन खाणाऱ्या घटकांचे धरावे आणि डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे प्रत्येक घटकाला दिवसाला २७०० उष्मांक मिळावेत, असे ते सूत्र. कापड, घरभाडे, इंधन हे पुढे आले. या सूत्राचे उपकार आम्ही विसरणार नाही. मजुराचे पोट हा वेतनाचा पाया आहे, हे त्याने कागदावर मान्य करून घेतले. डॉ. आयक्रॉइड यांनी आपल्या पुस्तिकांतून डाळ, दूध आणि पालेभाजी असलेला समतोल आहारच सांगितला होता. पण वाटाघाटीच्या टेबलावर आहार मागे पडला आणि आकडा तेवढा उरला.

त्या आकड्याशी साखरबदामाची गाठ घालून पाहा. ६०० ग्रॅम साखरबदाम खाल्ले तर २७०० उष्मांक भरून वर थोडे उरतात. सूत्र समाधान पावले. पण प्रथिने मिळाली ४२ ग्रॅम आणि साखर पोटात गेली ४०० ग्रॅम! नुसती ६७५ ग्रॅम साखर खाल्ली तरीही २७०० उष्मांक भरतात. असा माणूस किती दिवस यंत्रापुढे उभा राहील?

हे पुस्तकी उदाहरण आहे असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला कामगारांना ५० ग्रॅम भाजके शेंगदाणे मिळत. व्यवस्थापनाने त्याऐवजी तितक्याच वजनाची साखरबदामाची पुडी देऊ केली. “शेंगदाण्याच्या जागी बदाम देतो आहोत, आणखी काय हवे?” असा सवाल होता. आमच्या पोरांनी एक पुडी पाण्यात टाकली, कवच विरघळू दिले, बदाम पुसून वाळवले आणि किराण्याच्या काट्यावर तोलले. पन्नासातले पंधरा-सोळा ग्रॅम बदाम, बाकी गोड पाणी. शेंगदाण्यांत मिळत होती सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, पुडीत होती साडेतीनच्या आत. हे आकडे टेबलावर ठेवले आणि शेंगदाणे कायम राहिले. बदाम साखरेच्या पंधरा-वीस पट महाग असतो. तेव्हा बदामाच्या नावाने साखर कोण विकतो आणि का, हे कोडे फार अवघड नाही.

२०१९ साली केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने माणशी २४०० उष्मांकांबरोबर किमान ५० ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरावेत, अशी शिफारस केली. उष्मांक कमी करण्याला आमचा विरोध आहे, कारण अंगमेहनत काही कमी झालेली नाही. पण प्रथिनांचा रकाना उघडला, त्याचे आम्ही स्वागत करतो. २०२० मध्ये वेतन संहितेच्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात मात्र पुन्हा २७०० उष्मांक आले आणि प्रथिने गळाली. आमची मागणी साधी आहे: २७०० उष्मांकही हवेत आणि प्रथिनेही हवीत.

घरी बसून करण्याजोगे कामही आहेच. बांधीव पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. तेव्हा पहिले नाव बदामाचे की साखरेचे, एवढे पाहा. मूठभर फुटाण्यांत, मूठभर शेंगदाण्यांत मजुराच्या पोराला जे मिळते, ते साखरेच्या पुडीत नाही. १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे थेट बदामाच्या बरोबरीने! गरिबाचे खाणे म्हणून त्याला नाक मुरडू नका.

आणि आपल्यापैकी जे युनियनमध्ये आहेत, त्यांनी पुढच्या मागणीपत्रात उष्मांकांच्या शेजारी प्रथिनांचा आकडा लिहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.