ज्याची हकीकत त्याच्याच तोंडून



कष्टकऱ्याला त्याच्या आयुष्याविषयी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "आमच्या जिण्यात सांगण्यासारखे काय आहे?" हा विनय नव्हे. कोणाचे जीवन नोंदण्याजोगे आणि कोणाचे नाही, हे ज्या समाजव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या ठरवले, तिचाच निवाडा तो नकळत उच्चारीत असतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अर्थशास्त्र या संपाचा हिशेब बुडालेल्या मनुष्यदिवसांत आणि घटलेल्या उत्पादनात मांडते. तो हिशेब आवश्यकच आहे. आकड्यांवाचून मागण्यांचा साधा मसुदाही उभा राहत नाही. परंतु सरासरीला घरदार नसते. पगार थांबल्यावर कोण गावी परतला, कोणाचे मंगळसूत्र गहाण पडले, कोणाच्या मुलाची शाळा सुटली, हे ज्याच्या त्याच्याकडूनच कळू शकते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडी हकीकतींचा ग्रंथ २००४ मध्ये सिद्ध केला, त्याचे मोल यातच आहे.

स्वतःच्या आयुष्याला महत्त्व देणे हा व्यक्तिवाद नव्हे काय, असा आक्षेप समाजवादी कार्यकर्ता घेईल. पण समता म्हणजे एकसारखेपणा नव्हे. प्रत्येक जीवन वेगळे असूनही सारख्याच मोलाचे मानणे, हा समतेचा अर्थ आहे. ज्याला स्वतःचे जिणे क्षुद्र वाटते, तो हक्कही उपकार म्हणूनच मागतो.

शिवाय, खरी हकीकत घोषणेला सोयीची असतेच असे नाही. बेबी कांबळे फलटणला आपल्या लहानशा दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहीत. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात बाबासाहेबांच्या चळवळीने जागा झालेला समाज आहे. तसाच त्या समाजातील स्त्रीने घरात सोसलेला जाचही आहे. तो वगळला असता तर पुस्तक खोटे ठरले असते, आणि चळवळीचेही त्यात हित नव्हते.

संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्याबरोबर जे जाईल, ते कोणत्याही दप्तरातून परत मिळणार नाही. म्हणून प्रत्येक शाखेने एक वही घालावी. सांगणाऱ्याच्या बोलीत हकीकत लिहावी. भाषा शुद्ध करू नये, पराभव झाकू नये. घरातील स्त्रीची हकीकत तिच्याकडूनच, स्वतंत्रपणे घ्यावी. संमतीवाचून काही छापू नये, आणि लिहिलेल्याची एक प्रत सांगणाऱ्याच्या हाती द्यावी. ती हकीकत प्रथम त्याची आहे, पक्षाची नंतर.