समुद्रावरील नावेचा माग

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदच्या परिसरातील पावसाचे पाणी पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास. समुद्राशी या गावचा संबंध एवढाच. तेथील माणसास गाडीचा माग काढावयाचा झाल्यास धुळीतील चाकोरी पुरते. पाण्यावर चाकोरी उमटत नाही. मग दूर गेलेली मासेमारीची नाव कोणती व कोठे आहे, हे कसे ओळखावे?

या ओळखीचे अंग दुहेरी आहे. नावेचा नोंदणी-क्रमांक, लांबी-रुंदी, एंजिनाची शक्ती व मालक हे कागदावर राहते. तिचे स्थान, दिशा व वेग मात्र घटकेघटकेस पालटतात.

केवळ कागद पुरेसा नाही, हे २००८ साली फार मोठी किंमत देऊन कळले. नोव्हेंबरात हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही नाव भर समुद्रात बळकावली, खलाशांना मारले, तांडेलाकडून मुंबईची वाट काढून घेतली आणि मग त्याचाही प्राण घेतला. २६ नोव्हेंबरच्या रात्री दहा जण रबरी होडीने मुंबईस उतरले. नाव ओळखीची होती. तिची चाल कोणी पाहत नव्हते. ती कोणत्या मार्गाने आली हे मागाहून तिच्यावरच सापडलेल्या स्थितिदर्शक यंत्राने सांगितले!

पुढे २० मीटरहून लांब मच्छीमार नावांस स्वयंचलित ओळखयंत्र सक्तीचे झाले. आपला नऊ आकडी क्रमांक, स्थान, दिशा व वेग ते रेडिओलहरींवरून आपोआप कळवीत राहते. लहान नावांसाठी इस्रोने उपग्रहामार्फत दोन्हीकडून निरोप पोचविणारे यंत्र सिद्ध केले; एक लक्ष नावांवर ते बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला.

तांडेलाची अडचण निराळीच. मासळीची जागा हेच त्याचे धन, आणि ओळखयंत्राचा निरोप तर शेजारच्या नावेसही ऐकू येतो. म्हणून कळ बंद करण्याचा मोह होतो. त्यास सरसकट लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच दिवशी एंजिन बंद पडले, तर शोधणाऱ्याच्या हाती शेवटचे कळलेले स्थान तेवढे उरते, आणि ताशी दोन सागरी मैल वाहवत जाणारी नाव बारा तासांत तेथून सुमारे ४४ किलोमीटर दूर गेलेली असते.