आधी लॉग, मग उपाय



सॅप प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आज मला आपल्या रोजच्या कामातल्या एकाच प्रसंगाविषयी बोलायचं आहे. टेबल अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, तेव्हा आपण काय करतो? आपल्या व्यवसायाची शिस्त तिथेच कसाला लागते, असं माझं ठाम मत आहे.

डेटा डिक्शनरीत टेबल नुसतं सेव्ह करून भागत नाही. अ‍ॅक्टिव्हेशनच्या वेळी प्रणाली त्याची व्याख्या तपासते, डेटाबेसमध्ये तसं टेबल उभं करते आणि मगच ते प्रोग्रॅमना वापरता येतं. तपासणी अडली की लॉगमध्ये लाल ओळी उमटतात. नवे सहकारी शेवटची ओळ वाचतात, आणि तिथे टेबल अ‍ॅक्टिव्हेट झालं नाही एवढंच लिहिलेलं असतं. कारण बहुधा वरच्या ओळींत सापडतं. डोमेन अ‍ॅक्टिव्ह नसेल तर त्यावरचं डेटा एलिमेंट अडतं आणि त्याच्यामुळे टेबल अडतं. म्हणून दुरुस्ती डोमेनपासून सुरू करावी.

रकमेच्या फील्डला चलनाचं रेफरन्स फील्ड दिलं नाही, तर अ‍ॅक्टिव्हेशन थांबतं. अनेकांना हा निव्वळ जाच वाटतो. पण जपानी येनला दशांश स्थळ नाही, रुपयाला दोन आहेत, कुवेती दिनाराला तीन. चलन ठाऊक नसेल तर साठवलेल्या आकड्यातलं दशांशचिन्ह कुठे मानायचं? प्रणाली आपल्याला अडवते ती हिशेब चुकू नये म्हणून.

खरी परीक्षा असते भरलेल्या टेबलाची. फील्डची लांबी कमी केली किंवा प्रायमरी की बदलली, तर डेटा डिक्शनरीच्या एसई११ ट्रान्झॅक्शनमधलं अ‍ॅक्टिव्हेशन पुरत नाही. एसई१४ या डेटाबेस युटिलिटीत जाऊन कन्व्हर्जन करावं लागतं. तिथे ‘सेव्ह डेटा’ आणि ‘डिलीट डेटा’ हे पर्याय शेजारी-शेजारी असतात. घाईत दुसरा निवडला, तर टेबलातल्या नोंदी जातात. पहिला निवडूनही आपण पूर्ण निश्चिंत नसतो. की आखूड केल्यावर दोन नोंदींची की सारखी झाली, तर त्यांतली एकच नव्या टेबलात जाते आणि कोणती जाईल हे आपल्या हातात नसतं. म्हणून नोंदींची छाननी कन्व्हर्जनच्या आधी व्हायला हवी.

कन्व्हर्जन चालू असताना जुन्या टेबलाला ‘क्यूसीएम’ने सुरू होणारं तात्पुरतं नाव मिळतं आणि त्यातून नोंदी नव्या टेबलात भरल्या जातात. डेटाबेसमधली जागा संपून काम मध्येच तुटलं, तर सगळ्या नोंदी फक्त त्या तात्पुरत्या टेबलात उरलेल्या असू शकतात. अशा वेळी ‘अनलॉक टेबल’ला हात लावू नका. आधी जागा मोकळी करा, मग ‘कंटिन्यू अ‍ॅडजस्टमेंट’ने काम पुढे न्या. क्यूसीएम टेबल अडगळ समजून कोणी पुसू नये, हे प्रणाली सांभाळणाऱ्या बेसिसच्या सहकाऱ्यांनाही आवर्जून सांगा.

डेव्हलपमेंटमध्ये सुरळीत चाललेलं टेबल पुढच्या सिस्टिममध्ये रिटर्न कोड ८, म्हणजे त्रुटीचा संकेत, देऊन पडतं, तेही सगळ्यांच्या परिचयाचं आहे. बहुतेकदा टेबल ट्रान्सपोर्टमध्ये असतं आणि त्याचं डेटा एलिमेंट लोकल ऑब्जेक्ट म्हणून मागेच राहिलेलं असतं. रिक्वेस्ट सोडण्यापूर्वी ही साखळी तपासणं सहज शक्य आहे.

मित्रहो, आपण मुलाखतीत ट्रान्झॅक्शन कोड विचारतो आणि प्रशिक्षणात कायम यशस्वी होणारी उदाहरणं दाखवतो. पुण्यातल्या प्रशिक्षण वर्गांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्यांसमोर मुद्दाम बिघडवलेली टेबलं ठेवा आणि त्यांना लॉग पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावा. प्रकल्पप्रमुखांना सांगणं आहे की प्रॉडक्शनएवढ्या डेटावर चाचणी झाल्याशिवाय एकाही कन्व्हर्जनला परवानगी देऊ नका, त्यासाठी मुदत वाढवून मागावी लागली तरी.

या टेबलांमध्ये कुणाचा पगार आहे, कुणाचं थकलेलं बिल आहे, कुणाच्या गोदामातला माल आहे. ती माणसं आपल्याला ओळखत नाहीत. आपल्या हातून त्यांचं नुकसान होणार नाही, एवढं पाहणं हे आपलं पहिलं कर्तव्य आहे. ते पाळणारी पिढी आपण सगळे मिळून घडवू या.