अभिप्राय मागतोय, भीक नाही
(युवक शिबिरातलं भाषण)



मला विषय दिलाय 'दलित साहित्य आणि नवी माध्यमं'. मी त्यातलं एकच बोलणार आहे. चांदण्यांबद्दल. आभाळातल्या नव्हे, अ‍ॅमेझॉनवर पुस्तकाखाली असतात त्या पाच चांदण्यांबद्दल. हसू नका.

माझा कथासंग्रह येऊन दीड वर्ष झालं. तो खपला 6 डिसेंबरला शिवाजी पार्कावर, दीक्षाभूमीवर, वस्तीतल्या जयंतीच्या स्टॉलवर. लोकांनी रोख पैसे मोजले, परतीच्या गाडीत वाचला. काहीजण फोनवर रडले, काहींनी शिव्या घातल्या. आणि त्याच पुस्तकाचं नाव मोबाईलवर शोधलं तर काय? अभिप्राय शून्य! म्हणजे वाचक नाही. म्हणजे पुस्तकच नाही. एका नावाजलेल्या मासिकाला दोन प्रती धाडल्या होत्या, त्यांनी पोचसुद्धा दिली नाही.

तेव्हापासून मी हात धुऊन मागं लागलोय. फोन करणाऱ्याला म्हणतो, बाबा, हे मला बोललास तेच तिथं लिही. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. महिन्यानं पुन्हा. होस्टेलची पोरं लांबून बघतात आणि म्हणतात, दादा आला, पळा.

एक कवीमित्र म्हणाला, लेखकानं असं दारोदार हिंडणं शोभत नाही. कुणाला शोभत नाही? ज्याचं परीक्षण मामेभावाच्या रविवार पुरवणीत आपोआप छापून येतं, त्याला शोभत नसेल. आपलं लिखाण कुणी पाटावर बसवून वाचलंय कधी? 1855 साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. कमिटीनं ते नाकारलं. 1936 साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून मंडळाची पाचावर धारण बसली आणि अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. पहिली आवृत्ती 1500 प्रतींची होती, दोन महिन्यांत संपली.

आता पुढचं नीट ऐका, कारण माझा सगळा हट्ट इथून आलाय. गांधींनी 'हरिजन'मधून त्या पुस्तकाचा समाचार घेतला. आठ आणे किंमत जास्त आहे, कमी करा, हेही सांगितलं. बाबासाहेबांनी काय करावं? 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींचे ते लेख छापून टाकले आणि त्यांना दिलेलं आपलं उत्तरही सोबत जोडलं. विरोधी परीक्षण लपवलं नाही, कामाला लावलं.

आणि आपण काय लिहितो? 'जय भीम, खूप छान पुस्तक.' पाच चांदण्या. हे प्रेम आहे, मला मान्य आहे. पण जी पोरगी लातूरला बसून घ्यावं की नको हा विचार करतेय, तिला त्यातून काय कळणार? माझ्या पुस्तकाला एका ताईनं तीन चांदण्या दिल्या. लिहिलं, तिसऱ्या कथेतली बाई अख्ख्या कथेत एकदाही तोंड उघडत नाही, लेखकानं तिचा आवाज कुठं ठेवला? मला ते पटलेलं नाही. ती बाई का गप्प आहे यावर मी त्या ताईशी रात्रभर भांडायला तयार आहे. पण आपलेच कार्यकर्ते म्हणाले, असलं काढून टाकायला लाव, चळवळीची बदनामी होते. नाही लावणार! ते वाचून दोघांनी पुस्तक मागवलं, बाई खरंच गप्प आहे का ते बघायला.

दुसरी बाजूही सांगतो. अ‍ॅमेझॉनचा नियम आहे की लेखकाच्या घरच्यांनी, जवळच्या मित्रांनी अभिप्राय द्यायचा नाही. पैसे चारून, आमिष दाखवून घ्यायचा नाही. नियम बरोबरच आहे. (फक्त आपल्यात एकमेकांना भाऊ न म्हणणारा कोण, एवढीच अडचण.) पण आणखी एक अट आहे. खात्यावर आधी ठरावीक रकमेची खरेदी झालेली पाहिजे. म्हणजे शिवाजी पार्कावर कनवटीचे पैसे काढून पुस्तक घेणाऱ्या मावशीला तिथं तोंडच नाही. चांदण्यांचा हिशोबही साध्या सरासरीचा नाही, कुणाचं मत किती वजनाचं ते यंत्र ठरवतं. पूर्वी दारावर समीक्षक बसायचा, आता यंत्र बसलंय. गुडरीड्सवर खरेदीची अट नाही, मराठीत खुशाल लिहा. पण 2013 पासून तेही अ‍ॅमेझॉनच्याच मालकीचं आहे.

मग भांडवलदाराच्या दुकानात आपण फुकट वेठ का राबायची? हा सवाल रास्त आहे. माझं म्हणणं, लिहिलेलं एकट्या कंपनीच्या घशात घालू नका. त्याच चार ओळी आपल्या अंकाला पाठवा, वाचनालयाच्या फळ्यावर लिहा. पण तिकडची जागा मोकळी सोडली तर तिथं आपल्याबद्दल दुसरेच लिहितील, नाहीतर कुणीच लिहिणार नाही.

माझ्याच पुस्तकापासून सुरुवात करा असंही नाही. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 चं आहे, ते घ्या. काय टोचलं, काय पटलं नाही, कुठल्या पानावर थांबलात, एवढं लिहा. भाषा तुमचीच ठेवा, पुस्तकी करू नका.

येत्या 6 डिसेंबरला मी स्टॉलवर आहे. मोबाईलवर मराठी टाईप करता येत नसेल तर या, दहा मिनिटांत शिकवतो. पुस्तक वाचून ज्यांचं डोकं फिरलंय, त्यांनी आधी या.